काकूंची कॉईल आणि पस्तीस ओहम

थंडी पडली की आमच्या खानापूरकडं सकाळी सहाला न्हाणी-न्हाणीत कॉईल लागते. तांब्याचे बंब माळ्यावर गेले. परवा शेजारच्या काकू दारात उभ्या. "बेळगावातनं आणली, १५०० वॅटची म्हणून. अर्धा तास झाला, पाणी कोमटच. फसवलं बघ मला दुकानदारानं."

जाऊन बघतो तर काकू पाण्यात बोट घालून बघायच्या बेतात. कॉईल चालू! आधी बटण बंद केलं, प्लग काढला, मग बोललो जे बोलायचं ते.

मी मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतो, त्यामुळं वायर चिमट्यात धरून अँपिअर मोजायचा क्लॅम्प मीटर पिशवीत असतोच. बोर्ड उघडून एकच वायर त्याच्या चिमट्यात धरली. (दोन्ही एकदम धरल्या तर मीटर शून्य दाखवतो, शिकाऊ पोरं इथंच फसतात.) कॉईल चालू असताना १८० व्होल्ट, ५.१ अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागलं, ३५.३ ओहम, म्हणजे कॉईलच्या तारेचा रेझिस्टन्स, विजेला होणारा अडथळा. दोन्ही गुणले, ९१८ वॅट.

"म्हणजे १५०० नाहीच की!" काकू.

पण कॉईलवरचे १५०० वॅट २३० व्होल्ट धरून छापलेले असतात. २३० चा वर्ग भागिले १५००, परत ३५.३ ओहमच. कॉईल अस्सल होती, दुकानदार सुटला. व्होल्टेज पाऊण पटीच्या जरा वर आलं की वॅट वर्गानं घसरतात, म्हणून १५०० चे ९१८ झाले. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला २३ मिनिटं लागायची, तिथं ३८.

हे कॉईलच्या तारेला चालतं, कारण तापल्यावरही तिचा ओहम फारसा हलत नाही. बल्बचं तसं नाही. आयटीआयत मी ६० वॅटचा पिवळा बल्ब थंडच मोजला, ६५ ओहम आले, आणि वहीत ८१४ वॅट लिहून सरांना दाखवलं. वर्ग हसला. पेटल्यावर त्याची तार ८८० ओहमांच्या आसपास जाते, हे मग कळलं.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. कॉईल बंद केली की त्याच सॉकेटला १९६ व्होल्ट. म्हणजे ५.१ अँपिअर वाहताना वाटेत १६ व्होल्ट कुठंतरी गळत होते. १६ भागिले ५.१, तीन ओहमांवर. घरातल्या वायरीला एवढा रेझिस्टन्स? मेन बंद करून बिलाच्या मीटरनंतरचा चिनीमातीचा किटकॅट फ्यूज ओढला. एक पट्टी काळी ठिक्कर, स्क्रू ढिला, चिनीमाती हाताला चटका देत होती. फ्यूज बदलला, टोकं घासून कसली. आता चालू कॉईलला १९० व्होल्ट, १०२३ वॅट. हिशोब केला तर त्या एका ढिल्या स्क्रूत पन्नासेक वॅट जळत होते. माझ्या दुकानातली डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री साधारण तेवढ्याचीच. आणि ते मीटरच्या पुढं, म्हणजे बिल काकूंच्याच नावावर.

उरलेले ४० व्होल्ट माझ्या हातात नाहीत. ट्रान्सफॉर्मर लांब, आणि पहाटे थ्री-फेज आली की उसातल्या मोटारी सगळ्या एकदम सुरू. त्या मोटारींची गंमत उलटी: व्होल्टेज पडलं की कॉईल नुसती मंदावते, मोटार मात्र जास्त अँपिअर ओढते आणि जळून माझ्याकडं येते. तक्रार कुठल्या तोंडानं करू?

काकूंनी आपली वाट काढलीय. मोटारीचा आवाज थांबला की मगच कॉईल लावतात. नातवाला ओरडून विचारतात, "मोटार बंद झाली काय रे?"