होटगी रोड ते मोपा

दिवाळी सरल्यावर सोलापूरहून गोव्यात एका लग्नाला जायचं निघालं आणि घरात नेहमीचा वाद सुरू झाला. विजापूर-बेळगाव करत चोर्ला घाटातून उतरायचं, की सांगोला-मिरज-कोल्हापूर करत आंबोलीने? कुठूनही गेलं तरी दिवस मोडतोच. तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, विमान आहे की आता!"

आहेच की. ९ जून २०२५ पासून फ्लाय९१चं विमान सोलापूर-गोवा करतंय आणि १५ ऑक्टोबरपासून स्टार एअरचं मुंबईला जातंय. पण आम्हा सोलापूरकरांना विमानतळ म्हणजे मोर्चा आणि निवेदनाचा विषय. त्याचं तिकीटही काढता येतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो.

आसरा चौकातून रिक्षा केली. विमानतळ आहे त्या होटगी रोडला लागल्यावर रिक्षावाल्याने कारखान्याच्या दिशेने हात केला. "तिकडं होती बघा चिमणी." सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ही चिमणी. सोलापूरबाहेरच्या वाचकांना तिचं एवढं काय, असं वाटेल, म्हणून थोडं सांगतो. विमान धावपट्टीवर उतरतं ते साधारण तीन अंशांच्या उतारावरून, सरळ रेषेत. त्या वाटेखाली किती अंतरावर किती उंच काय उभं असावं याचे नियम ठरलेले असतात आणि ही चिमणी त्या नियमांत बसत नव्हती. 'चिमणी पाडा, विमान आणा' म्हणणारे एकीकडे आणि हजारो सभासद शेतकऱ्यांचा कारखाना दुसरीकडे. मोर्चे झाले, उपोषणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ला पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली.

"सासऱ्याचा ऊस तिथंच जायचा," रिक्षावाला म्हणाला. "लई चिडला होता तेव्हा. आता नातवाला घेऊन कुंपणाजवळ विमान बघाय येतो."

चिमणी पडली म्हणजे दुसऱ्या महिन्यात विमान येणार, अशी गावाची समजूत होती. टर्मिनलची डागडुजी, रंगरंगोटी होऊन २९ सप्टेंबर २०२४ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने उद्घाटनही केलं. विमान मात्र आलं पुढच्या जूनमध्ये, म्हणजे चिमणी पाडल्याला दोन वर्षं व्हायला सहा दिवस कमी असताना. परवाना, अग्निशमनाची तयारी, सुरक्षा, हवामानाच्या नोंदी हे सगळं तर लागतंच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे इथे विमान आणून उभं करायला तयार असलेली कंपनी मिळणं. माझं मत विचाराल तर 'चिमणीमुळे अडलंय' हे उत्तर इतकं सोयीचं होतं की कंपनी कुठून येणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पंधराएक वर्षांपूर्वी, चिमणीचा एवढा गाजावाजा नव्हता तेव्हा, किंगफिशरचं विमान इथून मुंबईला जायचं. तेही टिकलं नाही.

टर्मिनल छोटं आहे आणि मला तेच आवडलं. रिक्षातून उतरल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंत फारसं चालणं नाही, पाट्या शोधणं नाही. सगळा खोळंबा झाला तो सुरक्षा तपासणीत, माझ्यापुढच्या काकूंच्या शेंगा चटणीपाशी. तिखटाची पूड हातातल्या सामानात चालत नाही, हे तिथल्या मुलीने त्यांना नीट समजावलं. "अगं, तिखट कुठंय? शेंगाची चटणी आहे!" काकूंनी पुडा नाकाखाली धरला. मुलीला ठसका लागला आणि प्रकरण तिथेच निकालात निघालं. पुडा परत मोठ्या बॅगेत गेला. कडक भाकरी मात्र सुटल्या.

विमानापर्यंत चालतच जायचं. हे एटीआर ७२, पंख्याचं विमान. पंख वर, दारं खाली आणि प्रवासी चढतात शेपटीकडून. शेपटीखाली एक लोखंडी टेकू लावलेला दिसला. आधी वाटलं काही बिघडलंय की काय. पण सगळे मागून चढत असताना वजन मागे पडून विमान कलंडू नये म्हणून तो लावतात आणि निघण्याआधी काढून घेतात. आणखी एक गंमत. बहुतेक मोठ्या विमानांत जमिनीवर असताना वीज आणि हवा पुरवायला शेपटीत छोटं वेगळं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नसतं. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन नुसतं चालू ठेवता येतं. वैमानिक त्याला हॉटेल मोड म्हणतात. म्हणून विमानतळावर बाहेरून वीज द्यायची गाडी नसली तरी अडत नाही. होटगी रोडसारख्या ठिकाणी हे विमान सोयीचं का, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं आखूड धावपट्टीत.

पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. उडाल्यावर थोड्याच वेळात भीमा आली. काठाने उसाचा हिरवा पट्टा आणि त्याच्या पलीकडे काळं रान. सप्टेंबरात सीनेला पूर आला होता, त्याच्या गाळाच्या राखाडी रेघा काही शेतांत अजून होत्या. जमिनीवरून ती शेतं मी पाहिली होती, पण पाणी नेमकं कुठल्या वाटेने आत घुसलं ते वरूनच कळलं. मग जतकडचं माळरान, कोरडं आणि सपाट, बराच वेळ. कृष्णा ओलांडल्यावर पुन्हा ऊस. एटीआर फार उंच जात नाही, त्यामुळे ओढे, तळी, डांबरी रस्ते सगळं ओळखू येतं.

शेजारी सोलापुरी टॉवेलचे एक व्यापारी होते. गोव्यातल्या हॉटेलांची ऑर्डर धरायला निघाले होते. "बसनं जायचं म्हणजे एका ऑर्डरीला दोन रात्री जातात," ते म्हणाले. "हे बरंय, पण रोज नाही ना." तेच तर. विमान आठवड्यातल्या ठरावीक वारीच. त्यांची मीटिंग बुधवारी असली तर त्यांना विमानाचा उपयोग काय?

मग मुंबईच्या सेवेवर गाडी घसरली. त्या मार्गासाठी राज्य सरकारने वर्षभर दर आसनामागे ३,२४० रुपये द्यायचं ठरवलंय. एकूण तरतूद १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये. आकडा विचित्र वाटतो, पण सरळ गुणाकार आहे: स्टार एअरच्या विमानाची ७६ आसनं, दिवसाला जाऊन-येऊन दोन फेऱ्या, ३६५ दिवस. व्यापाऱ्यांनी फोनवर हिशेब करून पाहिला आणि बरोबर आल्यावर खूश झाले. केंद्राच्या उडान योजनेतही तूट भरून द्यायची मदत तीन वर्षांपुरतीच असते. त्यानंतर तिकिटांवरच भागवावं लागतं. मुंबईच्या मार्गावर समोर वंदे भारत आहे, १० फेब्रुवारी २०२३ पासून, साडेसहा तासांत पोचवणारी. भल्या पहाटे सोलापुरातून निघते आणि दुपारी मुंबईत सोडते. विमानाला तिच्याशी टक्कर द्यायची तर दिवसाचं काम उरकून परत येता आलं पाहिजे आणि त्यासाठी सोलापुरात अंधारात उतरता आलं पाहिजे. रात्री उतरायची सोय झाल्याशिवाय ते गणित जमायचं नाही. बोरामणीच्या नव्या विमानतळाच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. तिथली वनजमीन माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात अडकलेली, ते सुटेल तेव्हा सुटेल. माझ्या मते तोवर होटगी रोडला दिवे लागणं जास्त निकडीचं आहे.

सह्याद्री कधी आला ते बोलण्याच्या नादात कळलंच नाही. माळ संपून एकदम गर्द जंगल, कडे, आणि डोंगरांच्या घडीत अडकलेलं मोठं पाणी. तिलारीचं धरण असावं. विमान ढगांत थोडं हललं, मागे कुणीतरी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि पाच-दहा मिनिटांत आम्ही मोपाला, उत्तर गोव्यातल्या विमानतळावर, टेकलो. तासाभरात काळ्या रानातून तांबड्या मातीत.

मोपाचं टर्मिनल भव्य आहे. चकचकीत, थंडगार आणि बरंच चालायला लावणारं. पणजीला कदंबाची बस मिळते. टॅक्सीवाले मागे लागतात, त्यांना हसून नाही म्हणावं.

लग्न छान झालं. परतायचं होतं त्या दिवशी मात्र विमान नव्हतं, आणि पुढच्या उड्डाणासाठी थांबायचं तर सुट्टी वाढवावी लागली असती. मग पणजीहून बस धरली. आंबोलीत धुकं, कोल्हापुरात गाडी बदल, मिरजेत चहा, सांगोल्यात जेवण. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.