भुंगा अडला होता तो माझ्यामुळे

‘दहा मिनिटांत कुत्र्याला लोळण घ्यायला शिकवा’ असे व्हिडिओ बनवणाऱ्यांना एकदा आमच्या भुंग्यासमोर आणून बसवायचंय. आम्हाला तीन आठवडे लागले. त्यातले अकरा दिवस भुंगा एका कुशीवर पडून ‘बरं, पुढे?’ अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता.

‘बस’ आणि ‘झोप’ त्याला आधीपासून येत होतं, त्यामुळे सुरुवात झकास झाली. मुठीत चिकनचा बारीक तुकडा धरून तो नाकाशी न्यायचा आणि तिथून हळूच खांद्याकडे. मान वळली की कंबर कलते आणि कुत्रा आपसूक कुशीवर येतो. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. हा ‘शाब्बास’ म्हणजे लाड नव्हेत. ‘हेच हवं होतं, याचाच खाऊ मिळणार’ असा तो शिक्का आहे. काही जण त्यासाठी क्लिकर, म्हणजे दाबलं की ‘टिक’ वाजणारी छोटी डबी, वापरतात, पण माझ्या हातांना एवढी कसरत झेपत नाही. दोन दिवसांत कुशीपर्यंत पोहोचलो आणि मी घरभर मिरवूनही घेतलं.

तिसऱ्या दिवशी गाडी रुतली. तुकडा पाठीच्या पलीकडे न्यायला लागले की भुंगा टुणकन उठून बसायचा, नाहीतर पडल्या पडल्या मान ताणून जिभेनेच तुकडा ओढायला बघायचा. मी ‘लोळ’ म्हणायचे. मग ‘लोळ, लोळ’. मग ‘अरे लोळ ना रे बाबा!’ पाचव्या दिवशी त्याने भली मोठी जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवलं आणि उठून पाणी प्यायला निघून गेला. कुत्र्याची अशी अवेळी जांभई बऱ्याचदा झोपेची नसते, त्याच्यावर ताण आल्याची असते. हे मला माहीत होतं. पण डोकं तापलेलं असताना माहीत असलेलं कुठे आठवतं? त्या दिवशी मी सलग अर्धा तास रेटलं होतं. तीन ते पाच मिनिटं पुष्कळ झाली, हवं तर दिवसातून दोन-तीनदा.

सहाव्या दिवशी मी त्याहून मोठा गाढवपणा केला. हाताने ढकलून त्याला उलटा केला. म्हटलं, एकदा कळलं की करेल. त्याला कळलं ते एवढंच की कुशीवर पडलं की ही बाई ढकलते. पुढचे दोन दिवस माझा हात जवळ आला की तो अंग चोरून घ्यायचा, कुशीवर यायचंही नाव काढेना. जमलेलं होतं तेही गेलं.

शेवटी मुलाने मोबाइलवर आमची तालीम टिपली. म्हणाला, “आई, तू खाऊ कधी देतेस ते बघ.” बघितलं. भुंगा कुशीवर पडतो, मी ‘शाब्बास’ म्हणते, मग पिशवीत हात घालून तुकडा चाचपत बसते. तेवढ्यात तो डोकं वर उचलतो, आणि तुकडा नेमका तेव्हा त्याच्या तोंडात पडतो. म्हणजे इतके दिवस मी त्याला उठण्याचा खाऊ देत होते! ज्या कृतीमागून सुख मिळतं ती कृती पुन्हा होते, हे थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना पेट्यांत कोंडून दाखवलं. भुंगा ते मला रोज फुकटात दाखवत होता.

दुसरी चूकही दिसली. माझा हात पाठीवरून पलीकडे सरकण्याऐवजी हवेत वर जात होता. नाक जिकडे जातं तिकडे अंग जातं. नाक वर गेलं तर कुत्रा उठणारच.

मग चार-पाच तुकडे आधीच डाव्या हातात घेऊन बसायला लागले. जुनी जाड चादर घडी करून अंथरली, कारण गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय सटकत होते. आणि पायऱ्या अगदी चिमुकल्या केल्या. डोकं टेकलं, खाऊ. वरचा पुढचा पाय जरा हलला, खाऊ. पाय हवेत गेला, खाऊ. चौदाव्या दिवशी चारही पाय छताकडे झाले, क्षणभर तो तसाच तोलून राहिला आणि धप्पकन पलीकडे पडला. स्वतःच दचकला. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की तो भुंकायला लागला. हातातले उरलेले सगळे तुकडे त्याला देऊन टाकले आणि त्या दिवसापुरतं तिथेच थांबवलं.

हो, एक राहिलंच. जेवण झाल्यावर लगेच हा खेळ नको, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना. पाठ लांब असलेल्या किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोळवूच नका. तुकडे वाटाण्याएवढे पुरतात, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं. मी केलं नाही, भुंगा तीन आठवड्यांत चांगलाच गरगरीत झाला.

शब्द मात्र सगळ्यात शेवटी शिकवायचा. हातात तुकडा न धरता नुसत्या हाताच्या खुणेवर कुत्रा लोळायला लागला की आधी शब्द, क्षणभर थांबून खूण. ‘लोळ’ मी इतक्यांदा वाया घालवला होता की त्याच्या लेखी तो पंख्याच्या घरघरीसारखा झाला होता. म्हणून नवा शब्द घेतला, ‘पलटी’. तो तीन दिवसांत बसला.

आता फ्रिजचं दार उघडलं की भुंगा न सांगता पलटी मारतो. फक्त डावीकडे. उजवीकडची शिकवायला मी अजून बसलेले नाही.