डावा डोळा महाग

माझ्या दोन डोळ्यांचा भाव सारखा नाही. उजवा डोळा तीस दिवसांचे सतराशे रुपये घेतो, डावा तेवीसशे. दोन्हीकडच्या कॉन्टॅक्ट लेन्सची कंपनी तीच, प्लास्टिक तेच, खोकंही लांबून सारखंच दिसतं.

मी बँकेत कारकून. एरवी चष्मा लावतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दिवाळी उलटली की आमची मंडळी राज्य नाट्य स्पर्धेच्या मागे लागतात. सांगलीत हे वेड घरटी एक तरी असतंच. पेशवाईतल्या कारभाऱ्याच्या नाकावर अर्ध्या फ्रेमचा चष्मा चालत नाही, म्हणून लेन्स.

पहिल्या वर्षी मी पैसे वाचवले. डाव्या डोळ्याला उणे तीन नंबर आणि वर उणे पावणेदोनचा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा नंबर, आहे. सिलिंडरची लेन्स महाग, म्हणून दुकानात तोडगा निघाला: सिलिंडरचा निम्मा नंबर साध्या नंबरात मिळवायचा आणि साधी लेन्स घालायची. तोडगा खोटा नव्हे, बारीकसारीक सिलिंडरला तो चालून जातो. पावणेदोनला नाही चालत. भावे नाट्यमंदिरात रंगमंचावर उभा राहिलो तर समोरच्या प्रत्येक दिव्याला शेपूट फुटलेलं. दुसऱ्या अंकात लेव्हलची, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याची, पायरी चुकली. प्रेक्षकांना वाटलं कारभारी प्यालेला आहे. परीक्षकांना काय वाटलं ते निकालात कळलं.

मग टोरिक, म्हणजे सिलिंडरवाली, लेन्स घ्यायला गेलो आणि भाव ऐकून भांडलो. चष्म्याच्या दुकानातला मित्र माझ्याच शाळेतला, त्यामुळे भांडायची सोय आहे. तो म्हणाला, "मर्दा, चष्म्याची काच फ्रेममध्ये आवळलेली असते, ती कुठं जाणार? लेन्स डोळ्यात पाण्यावर तरंगते. प्रत्येक उघडझापीला फिरते."

साधी लेन्स कितीही फिरली तरी काही बिघडत नाही, कारण नंबर सगळीकडून सारखा. सिलिंडरचा नंबर मात्र एकाच दिशेत असतो. लेन्स दहा अंश सरकली की सिलिंडरचा एक तृतीयांश फायदा गेला. तीस अंश सरकली की सगळाच गेला, घातली काय न घातली काय. म्हणून टोरिक लेन्स खालच्या बाजूला किंचित जाड करतात, किंवा पापण्याच तिला धरून ठेवतील अशा बेतानं कडा पातळ-जाड घडवतात. शिवाय कडेला बारीक खुणा असतात. मित्रानं मला यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं, खूण घड्याळातल्या सहाच्या जागी थांबते का बघितलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं. पहिली लेन्स थोडी तिरकी बसत होती, तर दुसऱ्या अंशाची मागवली. या बसण्या-बघण्याचे पैसे तो वेगळे लावत नाही, खोक्यातच धरतो. ऑनलाइन खोकं स्वस्त पडतं ते बऱ्याचदा एवढ्याचसाठी.

पण मला खरं पटलं ते त्याच्या कपाटापाशी. साध्या लेन्समध्ये उणे पाव ते उणे सहापर्यंत पाव-पावच्या पायऱ्यांनी २४ नंबर होतात. एक कप्पा पुरतो. टोरिकमध्ये त्या प्रत्येक नंबराला समजा चार सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला दहा-दहा अंशांच्या अठरा दिशा. २४ गुणिले ४ गुणिले १८ म्हणजे १,७२८ वेगवेगळी खोकी, आणि यात अजून प्लसचे नंबर धरलेलेच नाहीत. कुठला दुकानदार एवढा माल भरून ठेवेल? त्यातली बरीच खोकी मुदत संपेपर्यंत गिऱ्हाइकाची वाटच बघत बसतील. म्हणून उजवं खोकं हातोहात मिळतं आणि डावं मागवावं लागतं. कुठल्या तरी गोदामात माझ्या त्या एका नंबरासाठी जागा अडवून ठेवलेली असते, तिचं भाडं मी भरतो.

नंबर किती मोठा यावर मात्र लेन्सचा भाव सहसा ठरत नाही, हे मला नवीनच होतं. चष्म्यात नंबर वाढला की पातळ काचेचे जादा पैसे मोजावे लागतात. लेन्समध्ये उणे एक आणि उणे सहा एकाच भावात.

प्लास्टिकचं म्हणाल तर एका लेन्सचं वजन गुंजभरही नसतं. मऊ लेन्सचा जन्मही फार स्वस्तात झाला. १९६१ च्या नाताळात ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञानं घरीच, मुलांच्या मर्कुर नावाच्या जोडणीच्या खेळातले तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र उभं केलं. फिरत्या साच्यात थेंब टाकून त्यानं पहिल्या मऊ लेन्स काढल्या. अमेरिकेत बॉश अँड लॉम्बनं त्या १९७१ मध्ये बाजारात आणल्या. आता आयर्लंडमध्ये लिमरिक आणि वॉटरफर्डला अवाढव्य कारखाने आहेत. एका लेन्सचा साचा एकदाच वापरून टाकून देतात, प्रत्येक लेन्स तपासतात आणि खारट पाण्याच्या डबीत बंद करून निर्जंतुक करतात. लेन्स स्वस्त, तिच्याभोवतीचा सोवळेपणा महाग.

पुढचा खर्च हवेचा. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. जुन्या हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या, लेन्समधून तो पाण्यावाटे जेमतेम पोचतो. सिलिकॉन कित्येक पटीनं वाट देतं, पण पाण्याशी त्याचं उभं वैर, नुसतं घातलं तर डोळ्यात कोरडं टोचेल. या दोघांना एका लेन्समध्ये नांदवायला वर्षं गेली. तशा लेन्स १९९९ च्या सुमारास बाजारात आल्या, त्या आजही हायड्रोजेलपेक्षा महाग आहेत.

तरी हे पैसे मी आता कुरकुर न करता देतो. मधली दोन वर्षं मी महिन्याची हायड्रोजेल लेन्स तीन-तीन महिने ताणली. तालमीहून येऊन दोन-चारदा तशीच झोपही काढली. डोळे लाल व्हायला लागले तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी यंत्राच्या स्क्रीनवर दाखवलं: पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या बुबुळाच्या कडेत शिरत होत्या. हवा मिळेना, म्हणून डोळ्यानं स्वतःच नळ टाकायला घेतले होते. तीन महिने लेन्स बंद.

त्यानंतर बँकेतली सवय कामाला लावली. महिन्याची सिलिकॉनवाली जोडी मला साडेनऊशेला पडते, वर साडेतीनशेचं सोल्युशन. तेराशे रुपये. रोज घालणाऱ्याला हे दिवसाला त्रेचाळीस रुपये झाले, उत्तम. पण ती जोडी उघडली की महिन्यानं टाकायचीच, घाला किंवा न घाला. मी महिन्यातून सहा दिवस घालतो, म्हणजे दिवसाला दोनशे सोळा. रोज नवी घालून टाकून द्यायची जोडी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती दोन खोकी, दिवसाला एकशे तेहेतीसला. महिन्यात दहाहून कमी दिवस घालणाऱ्यानं महागडं दिसणारं खोकंच घ्यावं, असं माझं गणित सांगतं. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हिशेबानं डाव्या खोक्यात दीडशेएक रुपये सुटायला हवेत. त्यावर मित्राशी बोलणी चालू आहेत.

परवा रंगीत तालमीला निघताना लेन्स बोटावरून निसटून थेट बेसिनच्या जाळीत गेली. नळाच्या पाण्यात पडलेली लेन्स पुन्हा डोळ्यात जात नाही, तेव्हा तिला तिथंच रामराम. आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, डावी नाही ना?"