आर्ची लीचचे ब्रिस्टल

हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट, म्हणजे मूळचा आर्ची लीच, याचे थडगे कुठेच नाही. 29 नोव्हेंबर 1986 रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी प्रेक्षकांशी गप्पांच्या कार्यक्रमाची तयारी चालू असताना त्याला अस्वस्थ वाटू लागले आणि त्याच रात्री, वयाच्या 82 व्या वर्षी, तो गेला. अंत्यविधीचा समारंभ करू नये अशी त्याची इच्छा होती. दहन झाले आणि रक्षा विखुरली गेली. त्यामुळे ज्याला त्याच्यासाठी म्हणून कुठेतरी जाऊन उभे राहावेसे वाटते, त्याला त्याचे जन्मगाव, इंग्लंडमधले ब्रिस्टल, गाठण्यावाचून गत्यंतर नाही. पुण्यात फिल्म सोसायटीचे खेळ पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ही इच्छा माझ्या मनात जुनी होती. मागच्या वर्षी रेडिंगला भाच्याकडे गेले असताना दोन दिवस काढले आणि ब्रिस्टलची गाडी पकडली. भाच्याने फलाटावर एकच प्रश्न विचारला, "मावशी, तो अमेरिकन नव्हता का?" या प्रश्नातच त्या माणसाचे निम्मे चरित्र आहे.

टेंपल मीड्स स्थानकावरून चालत मिलेनियम स्क्वेअरला जाता येते. तिथे आरशासारखा चकाकणारा एक प्रचंड गोल आहे, ते तारांगण. आणि त्याच्यापासून जवळच, कुठल्याही उंच चौथऱ्याविना, फरसबंदीवरच उभा असलेला ब्राँझचा कॅरी ग्रँट आहे. ग्रॅहॅम इबसन या शिल्पकाराने केलेला हा पुतळा डिसेंबर 2001 मध्ये बसवला गेला. पुतळा चालता आहे. अंगात सूट, हातात 'टू कॅच अ थीफ' या चित्रपटाची संहिता. मी जवळ जाऊन आधी पाहिला तो कोटाचा खांदा, कारण ग्रँटचा चेहरा जगाला ठाऊक असला तरी त्याची खरी ओळख कपडा अंगावर बसण्यात आहे, असे माझे जुने मत आहे. शिल्पकाराने खांद्यावर एकही अनाठायी सुरकुती ठेवलेली नाही. पावसाचे पाणी त्या खांद्यावरून सरळ ओघळत होते.

या मताला आधार आहे. त्याचे वडील इलायस लीच हे तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करणारे कामगार होते. शिवून आलेल्या कोटाची शिवण दाबून बसवायची, कॉलरला वळण द्यायचे, बाहीची गोलाई मोडू न देता कापड सपाट करायचे, असे ते काम. हातात वजनदार इस्त्री, समोर वाफ आणि आठवड्याला बेताचा पगार. पुढे ग्रँटने आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा वडिलांचा एक सल्ला आवर्जून सांगितला: चार हलके सूट घेण्यापेक्षा एकच घ्यावा, पण उत्तम कापडाचा घ्यावा. 1959 च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये शेतातून धावणारा, मातीत लोळणारा तो करडा सूट आठवून पाहा. विमान अंगावर येते, माणूस जमिनीवर पालथा पडतो, आणि उठल्यावर धूळ झटकताच कोट पुन्हा जागच्या जागी बसतो. ही दिग्दर्शक हिचकॉकची करामत आहेच, पण मला त्यात इलायस लीचचाही हात दिसतो.

18 जानेवारी 1904 रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव आर्चिबाल्ड अ‍ॅलेक लीच. हॉरफील्ड भागातल्या ह्यूएन्डेन रोडवरचे 15 क्रमांकाचे घर हे त्याचे जन्मस्थान. ग्लॉस्टर रोडच्या दुकानांची लांबच लांब रांग पाहत मी तिथे पोचले. एकमेकांना खेटून असलेली दगडी घरे, प्रत्येकाला पुढे आलेली एक खिडकी आणि हातभर अंगण. आत कोणाचा तरी संसार चालू असतो, म्हणून मी समोरच्या पदपथावरूनच पाहिले आणि फोटो न काढता निघाले. पाहण्यासारखे तिथे काही नाही. एवढे मात्र लक्षात येते की त्याला पुढे पडद्यावर ज्या प्रशस्त दिवाणखान्यांत आपण नेहमी पाहिले, त्यांतल्या एकात अशी दोन घरे सहज मावली असती. आर्चीच्या आधी आई एल्सीला एक मुलगा झाला होता, जॉन. तो वर्षाचाही होण्याआधी दगावला. त्यामुळे आर्चीला तिने डोळ्यांत तेल घालून जपले.

इथून फार दूर नाही असे परगण्याचे क्रिकेट मैदान आहे आणि कोणताही मराठी माणूस ते टाळून पुढे जाणार नाही. 1999 च्या विश्वचषकात वडील प्रा. रमेश तेंडुलकर यांच्या निधनानंतर मुंबईहून परतलेल्या सचिनने 23 मे रोजी केनियाविरुद्ध नाबाद 140 धावा केल्या, त्या याच मैदानावर. मी बंद फाटकाशी पाच मिनिटे उभी राहिले. तो दिवस आणि लीचचे घर यांचा संबंध काही नाही. पण मनातले दुःख बाजूला ठेवून हजारो डोळ्यांसमोर आपले काम चोख करणे म्हणजे काय, हे त्या फाटकाशी सुचले आणि दिवसभर डोक्यात राहिले.

कारण 1915 च्या फेब्रुवारीत, आर्ची 11 वर्षांचा असताना, तो शाळेतून घरी आला तेव्हा आई घरात नव्हती. ती समुद्रकाठी हवापालटाला गेली आहे, असे त्याला सांगण्यात आले. हवापालट लांबत गेला. पुढे ती वारली असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात वडिलांनीच तिला फिशपाँड्स येथील वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले होते. त्यांनी नंतर दुसऱ्या स्त्रीबरोबर संसार मांडला आणि त्यांना आणखी एक मुलगाही झाला. आर्ची पोरका झाला तो मृत्यूने नव्हे, थापेने.

आई नसलेल्या घरातून बाहेर पडायला त्याला जी वाट सापडली ती नाटकगृहाची होती. हिपोड्रोम आजही शहराच्या मध्यभागी उभे आहे. 1912 च्या डिसेंबरात उघडलेल्या, फ्रँक मॅचम या नामांकित वास्तुकाराने बांधलेल्या या नाट्यगृहात त्या काळी रंगमंचापुढे पाण्याचे मोठे टाके होते आणि जलक्रीडेचे देखावे प्रत्यक्ष पाण्यात होत. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीला येणाऱ्या एका विजेच्या कामगाराने आर्चीला शनिवारच्या दुपारच्या खेळाला पडद्यामागे नेले, आणि मुलगा तिथलाच झाला. दुसऱ्या एका नाट्यगृहात, एम्पायरमध्ये, तो प्रकाशझोत सांभाळू लागला. तिथे डेव्हिड डेव्हंट या प्रसिद्ध जादूगाराच्या खेळात त्याच्या हातून झोत भलत्या ठिकाणी पडला आणि टेबलाखाली लपवलेले आरसे प्रेक्षकांना दिसले. ती नोकरी गेली. पण उजेड कुठे पडला की काय दिसते आणि काय झाकले जाते, हा धडा त्याला इतक्या लहान वयात मिळाला, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढची पन्नास वर्षे त्याने प्रकाशाची बाजू बिनचूक निवडली आणि आरसे कोणाला दिसू दिले नाहीत.

हिपोड्रोमच्या मागच्या बाजूला कलावंतांसाठीचा दरवाजा आहे. मी गेले तेव्हा एका संगीत नाटकाचे सामान उतरत होते. दोन तरुण एक खोटा जिना खांद्यावर घेऊन आत शिरत होते आणि तिसरा "सावकाश, कठडा सुटेल" अशा अर्थाचे काहीतरी ओरडत होता. याच शहरातून आर्चीने बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या मंडळीला वडिलांच्या नावाने स्वतःच पत्र लिहिले, प्रवासखर्च आल्यावर पळ काढला आणि वडील शोधत आल्यावर परत यावे लागले. मार्च 1918 मध्ये फेअरफील्ड शाळेने त्याला काढून टाकले. कारणाच्या अनेक हकिगती सांगितल्या जातात. मला त्या सगळ्या सारख्याच रंगवलेल्या वाटतात. मग मात्र वडिलांनी हरकत घेतली नाही. कोलांट्या, उंच काठ्यांवर चालणे, मूकाभिनय आणि पडायची शास्त्रशुद्ध रीत, हे सारे तो पेंडरकडे शिकला. जुलै 1920 मध्ये, 16 व्या वर्षी, साउदॅम्प्टनहून 'ऑलिम्पिक' जहाजाने तो त्या मंडळीबरोबर न्यूयॉर्कला गेला. त्याच जहाजावर डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड हे नवविवाहित तारे होते.

अमेरिकेतली उमेदवारी लांबली. कोनी आयलंडच्या जत्रेत जाहिरातीसाठी उंच काठ्यांवर चालण्यापासून ब्रॉडवेच्या संगीतिकांपर्यंत दहा-अकरा वर्षे गेली. 1931 च्या अखेरीस पॅरामाउंट कंपनीशी करार झाला, नाव बदलून कॅरी ग्रँट झाले आणि 1932 मध्ये पहिला चित्रपट आला. 1937 च्या 'द ऑफुल ट्रुथ'नंतर जो माणूस आपण ओळखतो तो तयार झाला. त्याची बोली ना ब्रिस्टलची राहिली, ना अमेरिकेची झाली. विनोदी प्रसंगात इतका देखणा माणूस इतक्या सहजपणे धडपडू शकतो, याचे समीक्षकांना नवल वाटे; पेंडरच्या आखाड्यातल्या मुलाला त्यात विशेष काही वाटले नसावे. 'गंगा दिन'विषयी मात्र मला प्रेमाने लिहिता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या डोंगरांना वायव्य सरहद्द ठरवून काढलेल्या, कालीभक्त ठगांना खलनायक करणाऱ्या 1939 च्या त्या चित्रपटावर बंगाल आणि मुंबई इलाख्यांत बंदी आली होती, आणि त्यातला ग्रँट कितीही गमतीदार असला तरी ती बंदी मला समजते.

आर्ची लीचला त्याने पुरते गाडले नाही. 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये तो आर्ची लीच हे नाव एका गळा चिरून मेलेल्या माणसाचे म्हणून उच्चारतो आणि 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'मध्ये स्मशानातल्या एका दगडावर तेच नाव कोरलेले दिसते. थट्टेत दोनदा मारलेले हे नाव जिच्या तोंडी अजून जिवंत होते, तिच्याकडे जाण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी, शनिवारी, फिशपाँड्सची बस धरली.

1861 मध्ये सुरू झालेल्या त्या इस्पितळाच्या आवारात मी गेले तेव्हा विद्यापीठाचा आरोग्यशास्त्राचा विभाग भरत होता. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली पाठीला पिशव्या लावून त्या करड्या दगडी इमारतींमधून हसत-बोलत जात होत्या. लगतच्याच स्टेपलटनमध्ये 27 सप्टेंबर 1833 रोजी राजा राममोहन रॉय यांनी देह ठेवला, हे आठवून मी क्षणभर थबकले. इस्पितळाच्या जुन्या प्रार्थनामंदिरात ग्लेनसाइड संग्रहालय आहे आणि ते आठवड्यातून थोडेच तास उघडे असते. डेनिस रीड या चित्रकाराने 1950 च्या दशकात काढलेली रुग्णांची रेखाचित्रे तिथे आहेत. वाकलेल्या पाठी, मांडीत ठेवलेले हात, कुठेच न पाहणारे डोळे. एल्सी तोवर तिथून सुटली होती, म्हणजे यातला कोणताही चेहरा तिचा असू शकत नाही, हे मला पक्के माहीत होते. तरी मी प्रत्येक बाईच्या चित्रापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिले. संग्रहालय सांभाळणाऱ्या वृद्ध बाईंनी आपणहून विचारले, "ग्रँटसाठी आलात?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "पुष्कळ जण त्याच्यासाठी येतात आणि जाताना तिच्याविषयी विचारतात."

तिशी ओलांडल्यावर, नाव-पैसा मिळालेला असताना, ग्रँटला आई जिवंत असल्याचे कळले. 1935 मध्ये वडील वारले, आईची सुटका झाली आणि वीस वर्षांनी मायलेक समोरासमोर आले. जगातल्या बहुतेकांना आपण नावाने आणि चेहऱ्याने माहीत होतो, आईला मात्र नव्हतो, अशा अर्थाचे वाक्य त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. 1944 च्या 'नन बट द लोनली हार्ट'मध्ये त्याने लंडनच्या गरीब वस्तीतला, मरणपंथाला लागलेल्या आईकडे परतणारा मुलगा केला. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. लोकांना तो या भूमिकेत फारसा रुचला नाही. माझ्या मते पडद्यावर तो ब्रिस्टलच्या सर्वांत जवळ गेला तो इथेच. पाच लग्ने आणि पन्नाशीनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचे उपचार, यांची मुळे तो स्वतःच बालपणात शोधत असे. 1966 मध्ये मुलगी जेनिफर झाली आणि त्याच वर्षी आलेल्या चित्रपटानंतर त्याने अभिनय थांबवला. 1970 मध्ये सन्मानाचे ऑस्कर मिळाले.

आईला त्याने कॅलिफोर्नियाला नेण्याचे पुष्कळ प्रयत्न केले, पण तिने ब्रिस्टल सोडले नाही. म्हणून तो येत राहिला. क्लिफ्टनमध्ये, दरीच्या काठावर, ज्या हॉटेलात तो उतरत असे तिथल्या गच्चीवर मी संध्याकाळी चहा घेतला. समोर ब्रुनेल या अभियंत्याचा 1864 चा झुलता पूल, खाली एव्हन नदीचे गढूळ पाणी. चहा महाग होता आणि गार झालेला आला, पण वाऱ्यापुढे कोणत्याही चहाचे तसेच झाले असते. शेजारच्या टेबलावर एक मुलगा आपल्या आईच्या खांद्यावर शाल सारखी करत होता आणि ती दर वेळी ती काढून टाकत होती.

एल्सी 1973 च्या जानेवारीत, 95 व्या वर्षी वारली. ती त्याला शेवटपर्यंत आर्चीच म्हणे. त्याचे केस पांढरे झाले आणि सारे जग त्या रुपेरी केसांवर लुब्ध होते, तेव्हाची एक आठवण तो हसत सांगत असे. आई त्याला म्हणाली होती की केसांना काहीतरी लाव बाबा, तुझ्यामुळे मी किती म्हातारी दिसते.