डबा, पिकअप आणि रश लिंबॉ

अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत दुपारचा डबा मी एका पिकअप ट्रकमध्ये बसून खायचो. कँटीनमधल्या मायक्रोवेव्हमधून मेथीच्या भाजीचा वास सुटला की माना वळायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारच्या मशीनवर वडिलांच्या वयाचा एक माणूस होता. तोच एकदा म्हणाला, ‘चल, माझ्या गाडीत बसून खा.’ मनातल्या मनात मी त्याला काका म्हणायला लागलो. काकांची अट एकच: रेडिओ चालू असताना बोलायचं नाही.

रेडिओवर रश लिंबॉ, रिपब्लिकनांची बाजू घेऊन राजकारणावर बोलणारा. न्यूयॉर्कच्या घड्याळाने १२ ते ३, म्हणजे आमच्याकडे ११ ते २. एएमची खरखर, त्यात हा माणूस मुद्दाम माइकपुढे कागद फडफडवणार, टेबलावर थाप मारणार आणि डेमोक्रॅट्सची सालं काढणार. समोर पाहुणा नाही, सोबतीला कोणी नाही. तीन तास एकटा बोलायचा. मला त्यातलं निम्मं पटायचं नाही आणि उरलेल्याचा राग यायचा. पण हसू यायचं, हे कबूल करायला हवं.

लिंबॉ इथलाच. मिसिसिपीकाठच्या केप जिरार्डोचा, जन्म १९५१चा, घराणं वकिलांचं. या पोराने मात्र कॉलेज सोडलं, टोपणनावं घेऊन रेडिओवर गाणी लावली, एकामागून एक नोकऱ्या घालवल्या. काही वर्षं तर कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाच्या ऑफिसात काढली. १९८४मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला सूर सापडला. वादाच्या विषयावर दुसरी बाजूही ऐकवा, असा सरकारी नियम होता. तो १९८७मध्ये गेला, एकतर्फी बोलायला रान मोकळं झालं. तोवर गाणी एफएमने पळवलेली, एएमवाले माशा मारत बसलेले. १ ऑगस्ट १९८८ला लिंबॉ देशभर सुरू झाला. पुढे सहाशेच्या वर स्टेशनं, आणि २००८मध्ये ४० कोटी डॉलरचा करार. १९९४मध्ये रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी त्याला आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतलं.

फोन करणारे सुरुवातीलाच ‘डिटो’ म्हणायचे. तो जे बोलेल त्याला मान डोलवणं, असा मी अर्थ लावला होता. काकांनी जाहिरातीच्या वेळात दुरुस्ती केली: आधी फोन करणाऱ्याने जे कौतुक केलं तेच माझंही समज, वेळ घालवत नाही. या श्रोत्यांना नंदीबैल म्हणायचं तर निदान कारण तरी बरोबर द्यावं!

विष भरपूर होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात एड्सने मरणाऱ्यांची टर उडवली, मग माफी. २००६मध्ये पार्किन्सन झालेल्या मायकेल जे. फॉक्स या नटाच्या थरथरण्याची नक्कल केली. नशा करणाऱ्यांना आत टाका म्हणणारा हा गृहस्थ २००३मध्ये स्वतःच वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेल्याचं कबूल करून उपचारांना गेला. काका म्हणाले, ‘त्याची पाठ दुखत होती.’ मी पोळीचा तुकडा तोडला.

२०१२मध्ये मात्र काका गप्प झाले. सँड्रा फ्लूक नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने, विद्यार्थिनींच्या विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरावा, अशी बाजू मांडली. त्यावर लिंबॉने तिला वेश्या म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीही सोडलं नाही. काकांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. काकांनी हात पुढे करून आवाज कमी केला. बंद नाही केला, कमी केला. जाहिरातदार पळायला लागले तेव्हा माफी आली. त्याच वर्षी मे महिन्यात जेफरसन सिटीच्या विधानभवनात, नामवंत मिसूरीकरांच्या दालनात, त्याचा अर्धपुतळा बसला आणि त्याच्या राखणीला कॅमेरा. राखणीला कॅमेरा लागणारा सन्मान!

फुप्फुसाच्या कर्करोगाची बातमी त्याने २०२०च्या फेब्रुवारीत स्वतः सांगितली. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांच्या भाषणात, भर संसदेत, त्याच्या गळ्यात सर्वोच्च नागरी पदक पडलं. १७ फेब्रुवारी २०२१ला तो गेला. त्याच्याच कार्यक्रमात, त्याच्याच वेळेला, बायकोने ते सांगितलं.

मी तोवर दुसऱ्या राज्यात आलो होतो. बातमी वाचून काकांना फोन लावला. मागे तोच आवाज, जुनं काहीतरी लावलं होतं.

‘दोननंतर कर,’ काका म्हणाले आणि फोन ठेवला.