मधली सुट्टी, परिसर अभ्यास, चित्रकला आणि मग घर

मी विशेष शिक्षिका आहे. परळ-दादर पट्ट्यातल्या काही मराठी शाळांमध्ये आठवड्याचे वार वाटून जाते. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, एडीएचडी असलेली, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाणारी मुलं, वाचताना अक्षरांपाशी अडणारी मुलं, या सगळ्यांना इतरांबरोबर त्याच वर्गात शिकता यावं, हे माझं काम. वर्गशिक्षिका रोज असतात, मी आठवड्यातून दोन वार. म्हणजे मी केलेलं काम खरंच मुरलंय का, हे मी शाळेत नसतानाच कळतं. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी ते फार लख्ख कळलं.

मुलगा चौथीतला. नाव लिहीत नाही. तो स्वमग्न आहे. बोलतो, पण स्वतःचं काही सांगायचं असलं की कुठेतरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतो. तहान लागली की म्हणणार, "चला रे, बाटल्या भरून घ्या." हे बाईंचं सकाळचं वाक्य, आणि तेही अगदी बाईंच्याच सुरात. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, मुलगा उगाच बडबडतोय. ज्याला माहीत आहे तो त्याच्यासमोर बाटली धरतो. गणितात तो वर्गाच्या पुढे आहे. स्टीलच्या ताटांचा खणखणाट मात्र त्याला सोसत नाही. म्हणून खिचडीच्या वेळी तो व्हरांड्याच्या टोकाला, कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन लावून जेवतो.

त्याच्या बाकाशेजारी भिंतीवर एक उभी पट्टी आहे. पट्टीला वेलक्रो, वेलक्रोवर लॅमिनेट केलेली चित्रं: प्रार्थना, भाषा, गणित, मधली सुट्टी, परिसर अभ्यास, चित्रकला आणि सगळ्यात खाली घर. एक तास झाला की तो ते चित्र उचकटून बाकाखालच्या डब्यात टाकतो. डब्यावर लिहिलंय 'झालं'. वेलक्रो सुटल्याचा तो चर्र आवाज त्याला मनापासून आवडतो. इतर मुलांना तास संपल्याचं घंटेवरून कळतं, याला या आवाजानं.

याशिवाय एक पिवळं कार्ड आहे, 'बदल' असं लिहिलेलं. ते शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मोलाचं तेच आहे. आधी फक्त आवडीचे बदल केले. भाषेच्या जागी एकदम खेळाचा तास, असे. पिवळं कार्ड लावायचं, जुनं चित्र काढायचं, नवं लावायचं. मग ना आवडीचे ना नावडीचे, असे बदल. नावडता बदल सगळ्यात शेवटी, तोही छोटासा. बदल होणार हे त्याला अगोदर डोळ्यांनी दिसलं, तर तो पेलू शकतो. कानावर अचानक आदळलं, तर नाही. मोठ्या माणसांनाही अचानक काही कळलं की गडबडायला होतंच, पण आपण 'का?' म्हणून विचारू शकतो. त्याच्याकडे तो प्रश्न विचारायला शब्द नसतात.

मी पट्टी चिकटवत होते तेव्हा शाळेच्या मावशी वर्ग झाडत होत्या. झाडू बाजूला ठेवून त्या बघायला आल्या. "ताई, हे सगळं कशाला?" मी सांगितलं. त्यांनी प्रत्येक चित्र हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "आणि एखादं राहिलं तर?" मी म्हटलं, राहिलं तर त्याला त्रास होतो, त्याच्या दृष्टीनं ते संपलेलंच नसतं. मावशी मान हलवून पुन्हा झाडायला लागल्या.

त्या मंगळवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. मी ठाण्याहून निघाले आणि आमची धीमी लोकल कुर्ला सोडून सायनच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी. दादरच्या हिंदमाताला पाणी भरल्याचे मेसेज येत होते, दुपारी मोठी भरती होती. दहाच्या सुमाराला शाळेच्या ग्रुपवर आलं: मुलांना लगेच घरी सोडत आहोत, पालकांनी न्यायला यावं. मुंबईत या निरोपाचा अर्थ काय होतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि किती तरी मुलं रात्रभर शाळांमध्ये अडकली. आज ज्यांची मुलं चौथीत आहेत, त्यातले बरेचजण तेव्हा स्वतः शाळा-कॉलेजात होते. ते धावत येतात.

माझ्या डोळ्यांसमोर पहिली आली ती पट्टी. गणिताचा तास चालू असणार. त्याखाली मधली सुट्टी, परिसर अभ्यास, चित्रकला. घर त्यानंतर.

तेवढ्यात वर्गशिक्षिकेचा फोन आला. बाई एरवी शांत बोलणाऱ्या, पण त्यांचा आवाज कापत होता. "मॅडम, तो बाकाखाली बसलाय. डोकं आपटतोय. वर्गात पालक शिरलेत." मागून कल्ला ऐकू येत होता. माईकवर मुलांची नावं पुकारत होते, कुणी रडत होतं, आणि या सगळ्यावर पत्र्यावरचा पाऊस. वीज गेलेली. शेजारच्या मुलानं चांगुलपणानं त्याचं दप्तर भरून ठेवलं होतं. कुणा पालकानं चांगुलपणानंच त्याचा दंड धरून "चल बाळा, आई येईल खाली" म्हणत त्याला उठवलं होतं. तेव्हा तो किंचाळून बाकाखाली शिरला आणि स्वतःचं मनगट चावायला लागला. "दोन ठेवून द्या, सरळ होईल," असंही एकजण म्हणाल्याचं बाईंनी मला नंतर सांगितलं.

हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. हट्ट करणारं मूल आपलं काम होतंय का याकडे डोळा ठेवून असतं. हवं ते मिळालं की थांबतं. बाकाखालच्या या मुलाला काहीच मिळवायचं नव्हतं. आवाज, अंधार, गर्दी, दंडावरचा अनोळखी हात आणि मोडलेलं वेळापत्रक हे सगळं एकदम अंगावर आलं आणि त्याच्या सहनशक्तीच्या बाहेर गेलं. याला मेल्टडाऊन म्हणतात. अशा वेळी भाषा समजण्याची ताकदच कमी होते. आपण जितकं समजावू तितका तो आवाज आणखी वाढतो. मार दिला तर घाबरून मूल गप्प होईलही, पण आतली घालमेल तशीच राहते आणि पुढच्या वेळी शाळेच्या दारातच सुरू होते.

मी फोनवर बाईंना एवढंच सांगितलं: वर्ग रिकामा करा. एकच माणूस जवळ ठेवा. हात लावू नका, बोलू नका. डोकं आपटतंय तिथे दप्तर सरकवा. हेडफोन त्याला दिसतील असे ठेवा, घालू नका. थोडा निवळला की पिवळं कार्ड. एवढं बोलून झालं आणि फोन कट झाला. मग नेटवर्कच नाही. मी दारातल्या गर्दीत उभी, लोकल जागची हलेना.

पुढचं मला बाई आणि मावशींनी मिळून सांगितलं. बाईंवर चाळीस मुलं पालकांच्या ताब्यात नीट देण्याची जबाबदारी होती. त्या बाकीची मुलं घेऊन व्हरांड्यात गेल्या. आत मावशी थांबल्या. त्यांनी दार लोटलं, खिडक्या लावल्या, दोन दप्तरं हळूच बाकाच्या पायाशी सरकवली, हेडफोन फरशीवर ठेवले आणि स्वतः जरा लांब, भिंतीला टेकून, त्याच्याकडे न बघता खाली बसल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक हात बाहेर आला आणि हेडफोन आत गेले.

तेव्हा मावशींनी पट्टीवर पिवळं कार्ड लावलं. तो बघत होता. आता मधली तीन चित्रं काढून टाकायची आणि 'घर' वर आणायचं, असं कुणालाही सुचलं असतं. शिकवलंही मी तसंच होतं. मावशींनी ते केलं नाही. त्यांनी आधी गणिताचं चित्र दाखवलं. तो बाहेर आला, त्यानं ते उचकटलं, डब्यात टाकलं. मग मावशींनी त्याचा जेवणाचा डबा उघडून पोळीचा एक तुकडा त्याच्यापुढे धरला. त्यानं खाल्ला. मधली सुट्टी, चर्र, डब्यात. परिसर अभ्यासाचं पुस्तक काढून एक पान उघडलं. पानावर नकाशा होता, त्यावर त्यानं बोट फिरवलं. परिसर अभ्यास, डब्यात. खडू दिला, त्यानं कागदावर एक निळी रेघ ओढली. चित्रकला, डब्यात. पट्टीवर 'घर' तेवढं उरलं. तो उठला आणि दप्तर पाठीला लावलं. मग बाईंच्या सुरात म्हणाला, "रांगेत चला, धक्काबुक्की नको."

मी विचारलं, "मावशी, हे कसं सुचलं?" त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच बोललात ना, राहिलं तर त्याला संपल्यासारखं वाटत नाही. मग संपवलं. थोडं थोडं केलं तरी केलंच की."

पाठ्यपुस्तकं वाचून, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करून मी हे काम करते. मी हे शिकवलं नव्हतं. मावशींनी त्या मुलाकडे रोज बघितलं होतं आणि त्यातून त्यांना ते उमगलं. तेव्हापासून घाईच्या प्रसंगी मी हीच रीत सगळ्या शाळांमध्ये सांगते आणि कुणाची आहे तेही सांगते.

त्याची आई लोअर परळच्या एका ऑफिसात साफसफाईचं काम करते. ती कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली. रोज ते दोघं बसनं जातात, आज बस नव्हती. म्हणजे आणखी एक बदल. बाईंनी तोवर एका कागदावर मार्करनं चार चित्रं काढली: छत्री, पाणी, आईचा हात, घर. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. आईनं नंतर सांगितलं, घरी पोचेपर्यंत त्यानं ती पिशवी सोडली नाही. माझी लोकल पुढे सरकली तेव्हा शाळा केव्हाच रिकामी झाली होती.

पाणी ओसरलं आणि बैठक झाली. एका पालकांनी विचारलं, "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. मुख्याध्यापिका बाईंनी उत्तर मला द्यायला लावलं नाही, स्वतः दिलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता धरून 21 प्रकारांना मान्यता दिलीय. त्याच कायद्याच्या कलम 16 नुसार सरकारमान्य शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयही करायची. "त्या दिवशी आपल्याकडे सोय होती," त्या म्हणाल्या, "म्हणून मुलगा सुखरूप घरी गेला. ती सोय आता प्रत्येक वर्गात हवी." मग त्यांनी ठरवलं, की पालकांनी वर्गात यायचं नाही, मुलं गेटवर दिली जातील आणि लवकर सोडायचं असेल तेव्हा माईकवर पुकारण्याआधी चौथीच्या वर्गात निरोप जाईल. पैसा लागेल असं यात काहीच नव्हतं.

माणसं मात्र लागतात, आणि ती कमी आहेत. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे 1 विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या स्तरावर 15 मागे 1 असं प्रमाण सांगितलं. मी वार वाटून शाळांमधून फिरते, यावरूनच आपण त्या प्रमाणापासून किती लांब आहोत ते दिसतं. मावशींनी त्या दिवशी जे केलं त्याचं कौतुक मी जन्मभर करेन. पण त्यांच्या मनाच्या मोठेपणावर शाळा चालवणं योग्य नाही. त्यांनाही प्रशिक्षण मिळायला हवं, आणि मिळणारा पगार त्या कामाला साजेसा हवा. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला शिपाई आणि सेविकांना बोलवा, हे मी प्रत्येक ठिकाणी मागते. काही शाळा बोलावतात, काहींना अजून ते पटत नाही.

आता त्याची चौथी संपली. आमची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला दुसरी शाळा. निकालाच्या दिवशी आईनं विचारलं, "मॅडम, तिकडच्या मावशींना कोण सांगणार?" नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून परवानगी काढली आणि मे महिन्यात, शाळा रिकामी असताना, आम्ही सगळे तिथे गेलो. गेट, जिना, पाण्याचा नळ, संडासाची कडी, त्याचा वर्ग, सगळ्याचे फोटो काढले. तो नळ उघडून-बंद करून बघत होता. आमच्या मावशी तिथल्या मावशींजवळ बसून डबा, पोळीचा तुकडा, निळी रेघ, सगळं सांगत होत्या. नवं वेळापत्रक अजून हातात आलेलं नाही. तिथे तास बदलला की शिक्षकही बदलणार, म्हणून या वेळी विषयाच्या चित्राशेजारी त्या त्या शिक्षकाचा फोटोही लावायचा आहे. मुख्याध्यापकांनी फोटो द्यायचं कबूल केलंय.