वाहणे

आज नृसिंहवाडीच्या घाटावर एक आजी नातीला सांगत होत्या, "फूल टाकू नकोस बाळ, वाहा." तेव्हापासून हे एकच क्रियापद मनात घोळत आहे. कृष्णा वाहते, तिच्यावरून वारा वाहतो, जखम वाहते, माणूस भावनेच्या भरात वाहवत जातो आणि घरातला कर्ता सगळ्यांचा भार वाहतो. स्वतः पुढे सरकणे, दुसऱ्याचे ओझे उचलणे आणि अर्पण करणे हे सारे या एका शब्दात आहे. भूतकाळात मात्र व्याकरण भेद उघड करते: ‘नदी वाहिली’, पण ‘नदीने गाळ वाहिला’.

येथे मला हा दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या या ठिकाणी पूर ओसरला की पायऱ्यांवर काळी, मऊ मळी उरते. घाटावरून ती धुऊन काढावी लागते, पण काठच्या शेतात तिलाच मोल असते आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची चव त्या मातीची आहे, असे लोक अभिमानाने सांगतात.

पावसाळ्यात पाणी चढत इथल्या दत्तमंदिरात शिरते, दत्तांच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक रात्रीबेरात्रीही धाव घेतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. वाडी ज्यात येते त्या शिरोळ तालुक्याने २००५ आणि २०१९ चे महापूर सोसले आहेत. तरीही चढत्या पाण्याला येथे ‘सोहळा’ म्हणतात, याचे मला फार अप्रूप वाटते.